हरवलेल्या वस्तूंची साक्ष

(विहारातील रविवारच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या सभेनंतर एका तरुणाने मला थांबवून एक प्रश्न विचारला. त्याच्या घरच्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे. तो म्हणाला, "वकीलसाहेब, आपण जुने टाकून दिले आणि नवे स्वीकारले. मग हजारो वर्षांपूर्वीचे दगड, भग्न मूर्ती, उत्खननात सापडलेली भांडी यांच्याशी आपल्याला काय कर्तव्य? पोटापाण्याचे आणि हक्कांचे प्रश्न थोडे आहेत काय?" प्रश्न रास्त होता. घाईत काहीतरी उत्तर देऊन मी निघून आलो, पण ते उत्तर माझे मलाच पटले नाही. म्हणून आज त्या प्रश्नाकडे थोड्या आडवाटेने जावयाचे ठरविले आहे. मी तुम्हांला एका हयात चित्रकार-मूर्तिकाराची हकीकत सांगणार आहे. तो आपल्या देशाचा नाही व आपल्या धर्माचाही नाही. त्याचे नाव मायकेल राकोविट्झ. जन्म १९७३ चा, अमेरिकेत. त्याच्या आईचे घराणे बगदादच्या यहुदी लोकांपैकी.

बगदादी यहुदी म्हटले की मुंबई-पुण्याच्या माणसाला ते अगदीच परके वाटू नयेत. १८३२ साली बगदाद सोडून मुंबईस आलेल्या डेव्हिड ससून यांचे घराणे त्यांतलेच. मुंबईतील ससून गोदी व पुण्यातील लाल देवळ ही त्याच लोकांची स्मारके होत. इराकच्या भूमीत या समाजाची वस्ती अडीच हजार वर्षांची. १९४१ च्या जून महिन्यात बगदादमध्ये त्यांच्यावर हल्ले झाले, शेकडो घरे लुटली गेली, कित्येकांचे प्राण गेले. पुढे काही वर्षांत बहुतेकांनी देश सोडला. राकोविट्झचे आजी-आजोबा त्या दशकातच अमेरिकेस गेले. आजोबांची आयात-निर्यातीची पेढी होती, ती त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा उभी केली आणि पुढे ती बंद पडली. नातवाला वारशात काय मिळाले? आजीच्या हातचे जेवण आणि ज्या देशात त्याने कधी पाऊल ठेवले नव्हते त्या देशाच्या गोष्टी.

आता एप्रिल २००३ कडे या. अमेरिका व ब्रिटन यांच्या फौजांनी बगदाद घेतले. १० ते १२ एप्रिल या तीन दिवसांत इराकचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. सुमारे १५ हजार वस्तू गेल्या. लेखनकला, चाक, नगररचना व लिखित कायदा यांचा उगम ज्या भूमीत शोधला जातो, तिची ती तिजोरी होती. फौजा शहरात होत्या, पण संग्रहालयाच्या दाराशी वेळेवर पहारा बसला नाही. मी वकील आहे म्हणून येथे एक गोष्ट नोंदवितो. युद्धकाळात सांस्कृतिक ठेव्याचे रक्षण व्हावे यासाठी १९५४ साली हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. आपल्या देशाने तो १९५८ साली मान्य केला. अमेरिका व ब्रिटन यांनी त्यावर सही केली होती, पण त्यास अंतिम मान्यता अमेरिकेने २००९ मध्ये व ब्रिटनने २०१७ मध्ये दिली. म्हणजे लूट झाली तेव्हा दोघांनाही तो करार पूर्णपणे बंधनकारक नव्हता. सही करणे आणि बांधून घेणे यांत किती अंतर असते, हे आपल्या लोकांना निराळे सांगावयास नको.

संग्रहालयाचे एक अधिकारी डॉ. डॉनी जॉर्ज हे वस्तू परत मिळविण्यासाठी झटले. लुटीतील निम्म्याच्या आसपास वस्तू कालांतराने परत आल्या. काही लोकांनी आपण होऊन आणून दिल्या, काही सीमेवर पकडल्या गेल्या, काही दूरदेशीच्या व्यापाऱ्यांकडे सापडल्या. जॉर्ज यांना २००६ साली देश सोडावा लागला व २०११ साली परदेशातच त्यांचा अंत झाला. हे गृहस्थ तरुणपणी एका वाद्यवृंदात ढोल वाजवीत व पाश्चात्त्य रॉक गाणी म्हणत, असे सांगितले तर तुम्हांला हसू येईल. पण राकोविट्झला ती गोष्ट फार महत्त्वाची वाटली. पुराणवस्तूंचा रक्षक म्हणजे धुळीने माखलेला कोणी म्हातारा असतो, ही आपली समजूत त्याने खोटी ठरविली.

उरलेल्या सात हजारांहून अधिक वस्तूंचे काय? येथून राकोविट्झच्या कामास आरंभ होतो. २००७ पासून तो व त्याचे साहाय्यक त्या हरवलेल्या वस्तू एकेक करून पुन्हा घडवीत आहेत. शिकागोच्या विद्यापीठाने तयार केलेली यादी आणि आंतरराष्ट्रीय पोलिसांनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रे यांवरून तो मापे घेतो. मात्र दगड, माती वा सोने तो वापरीत नाही. अमेरिकेतल्या अरबी दुकानांत मिळणाऱ्या खाद्यपदार्थांची वेष्टने, चहाची खोकी, खजुराच्या पुड्यांचे कागद, तेथे छापली जाणारी अरबी वर्तमानपत्रे, असल्या रद्दीतून तो मूर्ती, कलश, मुद्रा व पाट्या घडवितो. सर्व वस्तू एका लांब मेजावर मांडतो. प्रत्येकीशेजारी चिठ्ठी असते. तिच्यावर संग्रहालयातील क्रमांक, मूळ वस्तू कशाची होती, कोठे सापडली, आकार किती, हे लिहिलेले असते. आणि शेवटी वस्तूची सद्यःस्थिती: चोरीस गेली, किंवा ठावठिकाणा नाही.

या साऱ्या कामाला त्याने जे नाव दिले आहे त्याचा अर्थ "अदृश्य शत्रू नसावा" असा आहे. प्राचीन बाबिलोन नगरीत इश्तार देवतेच्या वेशीतून जाणाऱ्या मिरवणुकीच्या रस्त्याचे हे नाव होते. ती वेस जर्मन लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उकरली, तिच्या निळ्या विटा बर्लिनला नेल्या आणि तेथील संग्रहालयात १९३० च्या सुमारास पुन्हा उभ्या केल्या. वेस बर्लिनला आणि रस्ता इराकात!

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, रद्दीच्या कागदाची मूर्ती करणे हा त्या प्राचीन वस्तूंचा अपमान नव्हे काय? प्रथम वाचले तेव्हा मलाही तसेच वाटले होते. पुढे माझ्या धंद्यातल्या एका कलमाची आठवण झाली, आणि मत बदलले.

न्यायालयात दस्तऐवज सिद्ध करावयाचा तर मूळ कागद हजर करावा, हा नियम. पण मूळ कागद जळाला, हरवला, किंवा प्रतिपक्षाच्या ताब्यात असून तो देत नाही, तर काय करावयाचे? अशा वेळी कायदा दुय्यम पुरावा स्वीकारतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. परंतु दुय्यम पुराव्याला एक अट असते. मूळ कागद अस्तित्वात होता, आणि तो अमुक कारणाने आज मिळत नाही, हे आधी दाखवावे लागते. नक्कल पुढे ठेवणाऱ्याने "हेच मूळ" असे म्हणावयाचे नसते. तसे म्हटले तर तो बनावट दस्तऐवज होतो.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एका वृद्ध आजींचे प्रकरण होते. वतनी जमिनीचा वाद. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जमिनी पुन्हा देण्याची तरतूद झाली, हे तुमच्यापैकी अनेकांच्या घरच्या अनुभवाचे आहे. आजींच्या सासऱ्यांचा मूळ आदेश एका सरकारी कचेरीतून गहाळ झाला होता. कचेरीतला माणूस सांगे, "असा कागद कधी नव्हताच." आजींपाशी पत्र्याच्या पेटीत एक जीर्ण, हाताने लिहिलेली नक्कल होती, कडा कुरतडलेल्या, शाई उडालेली. तेवढ्यावर आम्ही आधी सिद्ध केले की मूळ होते. किती वर्षे लागली ते सांगत नाही. निकालाच्या दिवशी आजींनी ती नक्कल पुन्हा पेटीत घालण्यासाठी परत मागितली. "आता तिचा उपयोग नाही," असे मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढे काही बोललो नाही.

राकोविट्झच्या कागदी वस्तू या जातीच्या आहेत. ते मुळाचे सोंग घेत नाहीत. उलट त्यांचे भडक रंग, त्यांच्यावरची छापील अक्षरे, खजुराची चित्रे ओरडून सांगतात की मूळ येथे नाही, ते चोरीस गेले आहे, आणि ते होते. संग्रहालयाच्या कपाटात एखादी सुबक नक्कल ठेवली असती तर बघणाऱ्याला चोरीचा विसर पडला असता. येथे तो पडत नाही. "ती वस्तू कधी नव्हतीच" हे कचेरीतल्या माणसाचे वाक्य त्या मेजापुढे कोणालाही उच्चारता येणार नाही.

त्या वेष्टनांचाही एक अर्थ आहे. ती परागंदा झालेल्या लोकांच्या स्वयंपाकघरांतून आलेली आहेत. खजुराचा पाक इराकी घरांत न्याहारीला खातात. आपल्या काकवीसारखा घट्ट असतो, आणि तिळाच्या वाटणात कालवून पावाशी लावतात. १९९० ते २००३ या काळात इराकवर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते, तेथला माल अमेरिकेत येऊ शकत नसे. न्यूयॉर्कमधील एका दुकानात राकोविट्झला पाकाचा एक डबा मिळाला, त्यावर "लेबनॉनचा माल" असे छापलेले होते. दुकानदाराने खरी गोष्ट सांगितली. पाक बगदादचा. तो सीमेपलीकडे सीरियात नेऊन डब्यांत भरीत आणि लेबनॉनमध्ये त्यावर चिठ्ठी चिकटवीत. म्हणजे त्या पाकालाही आपले गाव लपवून परदेशी राहावे लागले होते. नाव बदलून, गाव लपवून शहरात खोली भाड्याने घेणारी माणसे आपण पाहिलेली आहेत, तेव्हा या डब्याची गोष्ट तुम्हांला लगेच समजेल.

२००६ साली त्याने आजोबांची पेढी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पुन्हा उघडली आणि "इराकचा माल" असे उघड लिहिलेला खजूर मागविण्याचा उद्योग केला. निर्बंध तोवर उठले होते, पण खजूर वाटेतच अडकला. सीमेवर मालमोटारी खोळंबल्या. देश सोडून पळणाऱ्या माणसांच्या रांगाही त्याच रस्त्यावर होत्या. खजूर नासला. अखेर थोडी खोकी विमानाने येऊन पोचली. दुकानात येणाऱ्याला तो दररोज सांगे की आज खजूर कोठवर आला. व्यापारी दृष्टीने हा धंदा निव्वळ बुडीत! पण ज्यांनी हकीकत ऐकली त्यांना युद्धाची बातमी प्रथमच कळली, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध काम लंडनचे. ट्रफाल्गर चौकात चार चौथरे आहेत. चौथा १८४१ साली राजा चौथा विल्यम याच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला, पण पैसे पुरले नाहीत म्हणून दीडशे वर्षे रिकामा पडला. अलीकडे तेथे आळीपाळीने नव्या कलाकृती ठेवतात. शेजारच्या दोन चौथऱ्यांवर कोण आहेत? एकावर सिंध जिंकणारा चार्ल्स नेपियर, दुसऱ्यावर १८५७ च्या लढायांतला सेनापती हॅवलॉक. २८ मार्च २०१८ रोजी या मंडळींच्या पंक्तीत राकोविट्झने एक लामासू आणून बसविला. लामासू म्हणजे माणसाचे मुख, बैलाचे शरीर व गरुडाचे पंख असलेला वेशीचा रक्षक. असला एक लामासू निनवे नगरीच्या नेरगल वेशीत इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारापासून उभा होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये धर्मांध टोळीने यंत्रांनी त्याचे तोंड फोडले आणि त्याची चित्रफीत जगाला दाखविली. राकोविट्झने तो त्याच आकाराचा घडविला, खजुराच्या पाकाच्या १०,५०० रिकाम्या डब्यांतून. मार्च २०२० पर्यंत तो तेथे होता. इराकमध्ये १९७० च्या दशकात कोट्यवधी खजुरीची झाडे होती. युद्धे व निर्बंध यांत बहुतेक गेली. त्या गेलेल्या बागांचे डबे त्या गेलेल्या मूर्तीच्या अंगावर आले.

आता बामियान. हे नाव उच्चारल्यावर या सभेत शांतता पसरते, आणि पसरावी. ५५ व ३८ मीटर उंचीच्या त्या दोन बुद्धमूर्ती सहाव्या शतकाच्या सुमारास अफगाणिस्तानच्या एका कड्यात कोरल्या गेल्या. ह्युएनत्संगाने सातव्या शतकात त्या पाहिल्या. मार्च २००१ मध्ये त्या सुरुंग लावून उडविण्यात आल्या. राकोविट्झ २०१२ साली जर्मनीतील कासेल येथील मोठ्या प्रदर्शनासाठी काम करीत होता. तेथील प्रदर्शनाची मुख्य इमारत पूर्वी ग्रंथालय होती, आणि १९४१ साली ब्रिटिश विमानांच्या बाँबवर्षावात तिच्यातले ग्रंथ जळाले होते. त्याने बामियानच्या टेकड्यांतला दगड घेतला, तेथील तरुणांना पाथरवटाचे काम शिकविणारा वर्ग भरविला, आणि त्या दगडातून कासेलचे जळालेले ग्रंथ कोरून घेतले. मूर्ती फुटल्या तेव्हा कोरण्याची कलाही तेथून गेली होती. मूर्ती परत आणणे त्याला शक्य नव्हते. पण हातांत छिन्नी देता येत होती, आणि ती त्याने दिली. त्या तरुणांपैकी बौद्ध कोणी नव्हता. मला या गोष्टीचे विशेष वाटते.

आपल्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे मी आता येतो. आपण टाकून दिली ती एक व्यवस्था. आपला भूतकाळ आपण टाकलेला नाही, तो आपल्याकडून घेतला गेला होता. लेण्यांच्या पायऱ्या चढताना "ही पांडवांनी एका रात्रीत कोरली" असे आपल्या आजोबांना सांगण्यात आले आणि त्यांनी ते मान्य केले, कारण भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे वाचता येणारा कोणी त्यांच्या ओळखीचा नव्हता. ज्याच्या हाती नक्कलही नाही त्याला "कागद कधी नव्हताच" हे ऐकून घ्यावे लागते. एवढ्यासाठी दगडांशी संबंध आहे.

गेल्याच वर्षी म्हणजे २०२५ मध्ये यासंबंधी एक गोष्ट घडली. पिप्रहवा येथील स्तूपातून १८९८ साली पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने बुद्धधातू व त्यांच्यासोबत पुरलेली रत्ने बाहेर काढली. धातू सरकारने सयामच्या राजास भेट दिले, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली आणि काही हिस्सा पेपे कुटुंबाकडे राहिला. तो हिस्सा मे महिन्यात हाँगकाँग येथे लिलावास निघाला. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी निषेध केला, लिलाव थांबला, आणि जुलै महिन्यात एका भारतीय उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती रत्ने परत आली. आपण आनंद केला. करावयासच हवा होता. भगवंताच्या अस्थींपाशी श्रद्धेने ठेवलेली वस्तू बोली लावून विकली जाते, हे कोणत्या कायद्याने धर्म्य ठरते?

पण वकिलाला दुसरी बाजूही वाचावी लागते. राकोविट्झ सध्या निमरूद येथील असुरनासिरपाल राजाच्या राजवाड्याची दालने एकेक करून कागदात उभी करीत आहे. हा राजवाडा इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. त्याचे उत्खनन १८४५ पासून हेन्री लेयार्ड या इंग्रजाने केले आणि त्याच्या भिंतींचे कोरीव शिलापट दूरदूर नेले. जे जागेवर उरले ते २०१५ साली त्याच धर्मांध टोळीने उडवून दिले. राकोविट्झ उडविले गेलेले पट वेष्टनांतून घडवितो, आणि जे पट आधीच परदेशी संग्रहालयांत गेले त्यांच्या जागा भिंतीवर रिकाम्या ठेवतो. लुटारूंनी नेलेले आणि विद्वानांनी नेलेले यांत त्याने असा भेद केला आहे, आणि दोघांचीही नोंद ठेवली आहे.

लेयार्डच्या पेट्या बसऱ्याहून जहाजाने मुंबईस येत आणि मग लंडनला जात. त्या काळी मुंबईच्या बंदरात काही पेट्या उघडून लोकांनी वस्तू पाहिल्या, त्याबद्दल लेयार्ड फार संतापला होता. निमरूदच्या राजवाड्यांतील काही शिलापट मात्र मुंबईतच राहिले. ते आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. ते तुम्ही जाऊन पाहा. मुलांना घेऊन जा. दगडावर कीलाक्षरे कशी कोरली आहेत ती जवळून दिसतात.

मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. मी तिला राजाचे नाव सांगितले, निमरूदचा नाश सांगितला, राकोविट्झच्या रिकाम्या जागाही सांगितल्या. ती बराच वेळ पाहत उभी राहिली. मग तिने विचारले, "बाबा, पिप्रहव्याची रत्ने आपण परत मागितली. मग हे त्यांना परत द्यावयाचे की नाही?"

बाहेर आल्यावर तिने पुन्हा विचारले. मी सांगितले की १९७० चा आंतरराष्ट्रीय करार त्याच्यापूर्वी नेलेल्या वस्तूंना लागू होत नाही. ती म्हणाली, "मी कराराचे विचारले नव्हते." त्या पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तेथे गेलो.